पन्नाशीतले शंभर मीटर

ज्यांचं धावणं झकास चाललेलं असतं त्यांच्याकडे किस्से नसतात, मेडलं असतात. आमच्याकडे किस्से आहेत! कसे साठत जातात कळतही नाही. पोटरी धरली की एक, शर्यत हातची गेली की दुसरा. गेल्या आठ वर्षांत मेडलं दोन आणि किस्से पोतंभर, असा माझा स्कोअर आहे.

आमचा ग्रुप चौघांचा. स्वारगेटजवळच्या मैदानावर सकाळी सहाला भेटतो. लिमये काका सगळ्यांत मोठे, एकोणऐंशीचे. कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते, व्हीआरएस घेऊन घरी बसले आणि बसवेना म्हणून पळायला लागले. अन्वरभाई अठ्ठावन्नचे, सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवायचं त्यांचं दुकान आहे. गायकवाड मॅडम पाटबंधारे खात्यात, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेल्या. आणि मी सावंत, त्रेपन्न पूर्ण, हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग मॅनेजर. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो.

चौघेही स्प्रिंटर. शंभर आणि दोनशे मीटर, बस. कुणी मॅरेथॉनचं नाव काढलं की काका म्हणतात, "एवढं लांब जायचं असेल तर मी रिक्षा करतो."

*

माझी सुरुवात कंपनीच्या स्पोर्ट्स डेला झाली. वय पंचेचाळीस. कॉलेजात असताना विद्यापीठापर्यंत धावलो होतो, तीच मस्ती डोक्यात. पंचविशीतल्या पोरांबरोबर शंभर मीटर धावलो आणि तिसरा आलो! एचआरच्या मुलीनं माइकवरून सांगितलं, "सरांसाठी जोरदार टाळ्या, या वयातसुद्धा!" तो 'सुद्धा' मला अजून टोचतो.

दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या आखडल्या, की पहिल्या मजल्यावरून खाली उतरायला लिफ्ट घ्यावी लागली. लिफ्टमध्ये नेमका चौथा आलेला मुलगा! मी मोठेपणानं त्याला म्हटलं, "वेल रन."

तो म्हणाला, "थँक्यू सर. काल आम्ही शेवटी जरा स्लो घेतलं. तुम्ही पडाल की काय अशी भीती वाटली."

पुढच्याच सोमवारी मी मैदानावर गेलो.

*

सदाशिव पेठेत एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. हात सोन्याचा, जीभ पोलादाची. उजव्या मांडीचा मागचा स्नायू, आमच्या भाषेत हॅमस्ट्रिंग, सहा महिने सुटेना म्हणून त्यांच्याकडे गेलो. पालथं झोपवलं आणि अंगठा असा रोवला, की मी उशी चावली.

"दिवसाला किती तास खुर्चीत असता?"

"दहा. रिलीज असलं की बारा."

"आणि आठवड्याला धावता किती?"

"चार तास. कधी पाच."

अंगठा आणखी आत गेला. "मग तुमचा खेळ बसण्याचा आहे. त्यात तुम्ही फॉर्मात आहात."

मी म्हटलं, "मॅडम, पण राज्य स्पर्धा आठ आठवड्यांवर आली आहे."

"येऊ द्या की. तिला कोण अडवतंय?"

*

त्यांनी दर दोन तासांनी स्ट्रेचिंग करायला सांगितलं होतं. ऑफिसात करणार कुठं? एक मीटिंग रूम रिकामी असायची. दार लावायचं, टेबलाआड गालिच्यावर उताणं पडायचं, पायाला टॉवेल अडकवून पाय सरळ वर ताणायचा.

एके दिवशी असाच पडलो होतो. माझा बॉस, वय वर्षं बत्तीस, लॅपटॉप घेऊन आत आला आणि मला न बघता त्यानं समोरच्या पडद्यावर क्लायंटचा व्हिडिओ कॉल लावला. आता उठायचं कसं? मांडी अशी धरली होती, की पाय खालीही येईना. टेबलाच्या कडेवरून माझा एक मोजा घातलेला पाय तेवढा वर दिसत होता.

अमेरिकेतल्या गोऱ्यानं विचारलं, "व्हॉट इज दॅट?"

बॉसनं मागं वळून पाहिलं. तो म्हणाला, "अवर लेगसी सिस्टिम!"

दोन्हीकडचे खो खो हसले. मीही हसलो, टेबलाखालून. कंपनीतलं जुनं, कुणाला नको असलेलं आणि फेकताही न येणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला लेगसी म्हणतात. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये मला कळलं, की बॉस विनोद करत नव्हता.

*

अन्वरभाई रमझानमध्ये सकाळी येत नाहीत. मग आम्हीही त्या महिन्यात संध्याकाळी जातो, रोजा सुटायच्या तासभर आधी. एका वर्षी माझ्या अंगात असा शिणवटा भरला होता, की सकाळी दात घासतानासुद्धा बेसिनला टेकून उभा राहायचो. सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट उत्तम आहेत." जणू माझंच काहीतरी चुकत होतं.

सहा वेळा दीडशे मीटर पळायचं ठरलं होतं. तिसऱ्याला माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी लेनमध्येच बसलो. अन्वरभाई, पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, सहावं पूर्ण करून माझ्यापाशी आले. "सावंतसाहेब, रोजा माझा आणि चक्कर तुम्हाला?"

स्कूटरवर मागं बसवून मला दुकानात नेलं. अर्ध्या शिवलेल्या सोफ्यावर बसवलं, हातात खजूर दिला, स्वतः मात्र अजानची वाट बघत उभे राहिले. मी खजूर खाल्ला नाही. मग दोघांनी बरोबरच खाल्ला.

मी विचारलं, "अन्वरभाई, खरं सांगा. माझं संपलंय का?"

त्यांनी खजुराची बी कागदात ठेवली. मग सोफ्यावर हात दाबून म्हणाले, "याच्या स्प्रिंगा गेल्या तर मी नव्या बसवतो. तुमच्या बसवायचं दुकान मला माहीत नाही."

*

गायकवाड मॅडम स्वतःबद्दल फारसं बोलत नाहीत. एकदाच, लेस बांधता बांधता, सांगितलं. नववीत असताना जिल्ह्यात दोनशे मीटरला पहिल्या आल्या होत्या, अनवाणी. राज्याला जायच्या यादीत नाव दुसऱ्या मुलीचं लागलं. वडील विचारायला शाळेत गेले. सर म्हणाले, "तिच्याकडे बूट आहेत."

"आणि बाकीचं कारण?" मी विचारलं.

"बाकीचं कारण सरांनी सांगितलं नाही. आमच्या वस्तीत ते सांगावं लागायचं नाही."

चाळीस वर्षांनी त्या पहिल्यांदा स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे धावायचे बूट, घ्यायला पेठेतल्या दुकानात गेल्या. मी बरोबर होतो. मालकानं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "मुलासाठी की मुलीसाठी?"

"मुलीसाठी," मॅडम म्हणाल्या.

"मग तिला घेऊन या. मापाशिवाय आम्ही देत नाही. बदलूनही देत नाही."

"आणली आहे," असं म्हणून मॅडमनी चप्पल काढली आणि पाय स्टुलावर ठेवला.

मालकानं पायाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, पेपर घडी करून ठेवला. "मग आधी सांगायचं!"

*

मास्टर्सच्या, म्हणजे प्रौढ खेळाडूंच्या, स्पर्धा पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत होतात. त्यामुळं आमच्यात पन्नासावा वाढदिवस हा आनंदाचा! नव्या गटात तुम्ही सगळ्यांत तरुण. मी पन्नास झालो तेव्हा अकरा महिने तयारी केली. गोड बंद, चहात साखर बंद, बायकोच्या भावाच्या लग्नात जेवलो नाही म्हणून सासुरवाडीशी बोलणंही बंद. घरात मी एकच आकडा बोलत होतो, तेरा. तेरा सेकंदांच्या आत यायचं होतं.

राज्य स्पर्धा. साठ मीटरपर्यंत मी दुसरा होतो. मग पाय मेणाचे झाले आणि दोघं बाजूनं निघून गेले. चौथा आलो. असो, म्हटलं, टाइम तरी बघू. टेबलापाशी गेलो. स्टॉपवॉच गळ्यात अडकवलेले एक गृहस्थ वडापाव खात होते.

"साहेब, चौथ्या नंबरचा टाइम?"

"तो राहिला."

"राहिला म्हणजे?"

"घेतला नाही. पहिल्या तिघांचाच घेतो आपण."

"मग मी किती सेकंदांत धावलो?"

त्यांनी वडापाव खाली ठेवला आणि मला खरोखर समजावून सांगितलं, "अहो, धावलात ना? मग झालं!"

घरी आलो. बायकोनं विचारलं, "किती जणांत चौथा?"

"पाच."

तिनं कपाटातून रबरी पिशवी काढली. मग हळूच, "पाचवा कसा होता रे?"

"गुडघ्याला पट्टा होता."

तिनं पिशवीत गरम पाणी भरून माझ्या मांडीखाली ठेवलं आणि दिवा घालवून गेली.

*

यंदाची राज्य स्पर्धा. माझं दहा सेकंदांत सांगून होतं. साठ मीटरला मांडीच्या मागं कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मागं वळून पाहिलं, कुणी नव्हतं. लंगडत बाजूला झालो. गायकवाड मॅडमनी बर्फ आणून दिला, अन्वरभाईंनी पट्टी बांधली. मी दोघांना सांगितलं, "आता पुरे. स्पाइक्स देऊन टाकणार कुणाला तरी." हे मी दर वर्षी म्हणतो असं त्यांचं मत.

तेवढ्यात लिमये काकांची शर्यत पुकारली.

काकांचं सांगायला हवं. पंचाहत्तरीच्या गटात पहिली तीन वर्षं ते एकटेच होते. एकटेच धावायचे आणि गोल्ड घेऊन यायचे. काकू त्याला हजेरीचं बक्षीस म्हणायच्या. काका ती मेडलं घरात लावतसुद्धा नाहीत. मागच्या वर्षी मात्र कोल्हापूरकडचे मगदूम म्हणून एक जण उतरले, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी काकांना चार फुटांनी हरवलं. काका परतीच्या गाडीत इतके खूश होते, की आम्हाला वाटलं ऊन लागलं! "अहो, माझ्या पुढं कुणीतरी होतं," एवढंच परत परत सांगत होते. नंतर वर्षभर आमच्या आधी मैदानावर यायचे. पोटऱ्या दुखायच्या, घोटा सुजायचा, तरी पाय टेकवायच्या स्टार्टिंग ब्लॉकमधून सुटायचा सराव बंद नाही. सुटले की दर वेळी डावीकडं बघायचे. मगदूम त्या बाजूला होते.

यंदा यादीत मगदूमांचं नाव होतं. तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. का, ते कुणाला माहीत नव्हतं.

काका शर्यत सोडणाऱ्या स्टार्टरला म्हणाले, "पाच मिनिटं थांबू या."

"आजोबा, थांबून काय करायचं? एकटेच तर आहात. आरामात पळा."

काका आरामात पळाले नाहीत. सोळा पूर्णांक नऊ! मागच्या वर्षी मगदूमांना सतरा लागले होते. मॅडम ओरडल्या, अन्वरभाईंनी टोपी उडवली, मी एका पायावर उभा राहिलो.

बक्षिसाला तीन खोके मांडले होते, एक, दोन, तीन. काकांचं नाव पुकारलं. काका सावकाश चालत गेले आणि दोन नंबरच्या खोक्यावर चढून उभे राहिले.

माइकवाल्याला वाटलं, म्हातारा गोंधळला. "आजोबा, पहिला नंबर तुमचा आहे. मधल्या खोक्यावर या."

"ठाऊक आहे," काका म्हणाले आणि तिथंच उभे राहिले.

पाहुण्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि शेवटी गोल्ड तिथंच त्यांच्या गळ्यात घातलं. फोटोग्राफर कॅमेरा खाली करून वैतागला. "काका, मधे या ना! फोटोत रिकामं दिसतंय."

काका समोर बघत म्हणाले, "दिसू दे."