संयमाचा तास

आमच्या शाळेत वर्षातून एकदा मुलींना वर्गाबाहेर काढायचे. पटांगणातल्या कडुनिंबाखाली आम्हाला बसवायचे, दवाखान्यातल्या सिस्टर येऊन पाळीबद्दल घाईघाईने काहीबाही सांगायच्या, आणि आत दार लावून मुलांचा ‘संयमाचा तास’ व्हायचा. विज्ञानातला प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून आधीच उरकलेला असायचा. घरी तो धडा कोण वाचणार आणि कुणासमोर, हे विचारायची आमची टाप नव्हती. माझा जुळा भाऊ आत असायचा, मी बाहेर. त्या तासाला त्याला काय सांगितलं गेलं, ते मला तो मरणाच्या दारात पोहोचल्यावर कळलं.

तास घ्यायचे ते गावातलेच निवृत्त गुरुजी. खादीचा सदरा, मऊ आवाज, कुणाला अरेतुरे नाही. बाबा गेले तेव्हा आमची पेरणी वेळेवर व्हावी म्हणून हेच गुरुजी माणसं घेऊन शेतात उभे राहिले होते. ते वाईट असते तर बरं झालं असतं, शिव्या देऊन मी मोकळी झाले असते.

शरीरातलं सत्त्व सांभाळावं, असं ते मुलांना सांगत. सांभाळलं तर बुद्धी आणि बळ, गमावलं तर माणूस आतून पोखरला जातो. आणि ज्याने गमावलं त्याच्या अंगावर त्याच जागी खूण उमटते, ती काही केल्या लपत नाही. त्यासाठी नेम होता: पहाटे गार पाण्याची आंघोळ, घट्ट लंगोट, जमिनीवर झोप, शनिवारचा उपास. नेम मोडला तर उपासाचा वार वाढवायचा. बहुतेक पोरं दार उघडलं की खिदळत बाहेर यायची आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरायची. माझा भाऊ विसरणाऱ्यातला नव्हता. मायने दुधावर लक्ष ठेव म्हटलं तर दूध उतरवल्यावरही हा चुलीपाशी उभाच.

माझं लग्न होऊन मी आर्वीला आले. शेती तो बघायचा. मधूनमधून माहेरी जायची तेव्हा दिसायचं की याचे उपास वाढतायत. शनिवार होताच, मग मंगळवार आला, मग सोमवार. मी चिडवायची, “महाराज, पाया पडू काय?” तो हसायचा आणि भांडं उचलून नळावर जायचा. तळेगावहून त्याला चांगलं स्थळ आलं, त्याने नाही म्हटलं. माय दोन दिवस रडली. नंतर मात्र बचत गटाच्या बैठकीत तीच सांगायला लागली, “बिनबापाचं पोरगं हाय, पन कोनाकडे मान वर करून पाह्यलं नाई त्यानं.” गावही त्याला बाळब्रह्मचारी म्हणू लागलं. बाप नसलेली पोरं वाया जातात, असं आमच्या तोंडावर बोललेल्या बायका आता मायला वाट देत होत्या. तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला मान होता तो, आणि तो सगळा त्याच्या उपासांवर उभा होता.

मग तो वाळायला लागला. कापसाच्या वेचणीत अर्ध्या तासातच खोकत शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसायचा. पाठ दुखते म्हणायचा. कापसाची धूळ छातीत गेली, असं मायचं म्हणणं. मी ऐकलं नाही. दोघांना बळेच एसटीत बसवलं आणि वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर वयाने आमच्याएवढाच असेल. त्याने छातीचा फोटो बराच वेळ उजेडात धरला आणि मग भावाला कपडे उतरवायला सांगितलं. माय तेवढं ऐकूनच पदर सावरत बाहेर गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. मी पडद्याच्या अलीकडे, भिंतीकडे तोंड करून थांबले.

“हे केव्हापासून आहे?” डॉक्टरचा आवाज बदलला होता.

“लई दिवसाचं हाय. दोन-तीन वर्सं झाले.”

“दुखत नव्हतं?”

“पयले नाई दुखलं. नुसती गाठ होती.”

डॉक्टरने मला पडद्याआड बोलावलं आणि आम्हा दोघांना समजावून सांगितलं. अंडकोशाचा कॅन्सर. तो जास्त करून तरुण वयातच होतो. हा सुरुवातीलाच दवाखान्यात आला असता तर ऑपरेशन करून, औषधं देऊन बहुधा बरा झाला असता. आता कॅन्सर फुप्फुसात पोहोचलाय, तरी आपण उपचार करू. मला राग कुणाचा येतोय तेच कळेना. समोर हा डॉक्टर होता, म्हणून त्याचाच आला.

मी वाचेन का, असं भावाने विचारलं नाही. त्याने विचारलं, “साहेब, मी नेम मोडला म्हून झालं काय हे?”

“कसला नेम?”

मग त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. संयमाचा तास मी तेव्हा ऐकला, शाळा सोडून इतकी वर्षं झाल्यावर. नेम पहिल्यांदा मोडला त्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या हाताला गाठ लागली होती. खूण उमटली, असं त्याला वाटलं. उपास वाढवले की ती विरेल म्हणून तो वार वाढवत गेला. लग्न केलं तर बायकोला दिसेल, दवाखान्यात गेलो तर गावाला कळेल, आणि मग मायने मान कशी वर करायची?

“याचा त्याचा काहीही संबंध नाही,” डॉक्टर म्हणाला. “तू काही चूक केली नव्हतीस. हे कुणालाही होतं.”

भाऊ सदऱ्याची बटणं लावत होता, ती खालीवर लागत होती. “मंग मी एवढे उपास काऊन केले?” तो म्हणाला.

बाहेर पडायच्या आधी त्याने माझा हात धरला. “मायले यातलं काई सांगू नोको. छातीचा आजार हाय म्हन.” मी तेच सांगितलं. मायने ते लगेच मानलं, धुळीचं ती आधीपासून म्हणतच होती.

औषधांनी केस गेले, जेवण गेलं, आजार गेला नाही. होळीच्या आधी तो गेला. तेरवीला गुरुजी बोलले. असा निष्कलंक मुलगा गावात पुन्हा होणे नाही, म्हणाले. मायने डोळे पुसले आणि कितीतरी दिवसांनी ताठ बसली. मी मूग गिळून गप्प राहिले. तिच्या हातात दुसरं काय उरलं होतं?

पुढच्या वर्षी शाळेकडून मायला बोलावणं आलं. संयमाच्या तासाला त्याचा फोटो ठेवायचा होता. ती इस्त्रीची साडी नेसून, फोटो पदराने पुसत माझ्याबरोबर गेली. टेबलावर फोटो, त्याला झेंडूचा हार, शेजारी मायला खुर्ची. मुली कडुनिंबाकडे निघाल्या होत्या. एक शिक्षक मला म्हणाले, “ताई, तुम्ही मुलींसोबत बसा.” मी गेले नाही, मागच्या बाकावर बसले.

गुरुजींनी फोटोकडे हात करून सुरुवात केली आणि मी उभी राहिले. माझा भाऊ छातीच्या आजाराने गेला नाही, असं मी सांगितलं. त्याला गाठ कुठे झाली होती ते नाव घेऊन सांगितलं. काही पोरं हसली. मी थांबले नाही. अशी गाठ लागली तर ती पापाची खूण नसते, घरी सांगा, नाहीतर सरळ दवाखान्यात जा, तो लवकर गेला असता तर बहुधा जगला असता, असं म्हणेपर्यंत हसणं बंद झालं होतं. गुरुजींनी चष्मा काढला. “बाई, गेलेल्या माणसाची विटंबना करू नये,” ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. माय उठली, फोटो हारासकट उचलला आणि चालू लागली.

घरी येऊन तिने फोटो खिळ्याला अडकवला. “चारचौघांत उघडं केलं तू त्याले,” ती म्हणाली. मी चहा ठेवला. तिने कप हातात घेतला, पण प्यायली नाही.

“डॉक्टर खरंच म्हनला होता काय, बरा झाला असता म्हून?”

“हो.”

“तवा मी कुठी होती?”

“बाहेर. दाराशी.”

चहावर साय धरली तरी ती तशीच बसून होती. मग फोटोकडे बघत म्हणाली, “माय होती मी त्याची. मले काऊन आवाज नाई देल्ला?”