शुद्धिपत्राच्या बाई

बाई कोणतंही पुस्तक मागून उघडायच्या. आधी सूची, मग परिशिष्टं, मग नकाशे, आणि हे सगळं मनासारखं असलं तरच पहिलं पान. नाशिकरोडच्या आमच्या वाचनालयात कपाटापाशी उभ्या राहून, चष्मा कपाळावर चढवून त्या पुस्तक असं उलटंपालटं करायच्या की बघणाऱ्याला वाटावं, बाई भरताची वांगी निवडताहेत. किडकं निघालं की "हं" म्हणून परत कपाटात. "अगं, ज्याने शेवटी सूची दिली नाही, त्याला आपण पुस्तक पुन्हा उघडू अशी आशाच नाही," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून होते आणि नोकरी सांभाळून कॉस्टिंगची परीक्षा देत होते. माझ्या हातातलं कोरं करकरीत पुस्तक त्यांनी काढून घेतलं, प्रस्तावनेवर नजर टाकली आणि परत दिलं. "'अत्यंत सोप्या भाषेत' असं लिहिलंय. म्हणजे अवघड आहे. ते खालचं फाटकं घे. फाटकं आहे म्हणजे कोणीतरी शेवटपर्यंत वाचलंय." मी फाटकं नेलं आणि पास झाले.

बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळ्या करणारे. रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर बाईंचा कट्टा भरायचा. कथा-कादंबऱ्यांना तिथे मज्जाव होता. चालायची ती फक्त कामाची पुस्तकं. द्राक्षाची छाटणी, मोटार रिवाइंडिंग, आयकर, स्पर्धापरीक्षा, प्रवासाच्या मार्गदर्शिका. ज्याने जे वाचलं त्याने त्याबद्दल मत द्यायचं. "छान आहे" हे मत धरलं जात नसे. "छान म्हणजे काय? जिलबी आहे का ती?" बाई विचारायच्या. स्वतःला चूक सापडली की ती कागदाच्या चिटोऱ्यावर बारीक अक्षरात लिहून त्या पानात ठेवून द्यायच्या. ग्रंथपाल ते चिटोरे झाडूझाडून थकले आणि बाईंच्या माघारी त्यांना 'शुद्धिपत्राच्या बाई' म्हणायला लागले. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्यातला 'द्धि' ऱ्हस्व लिहा म्हणजे झालं."

पुस्तकाला त्यांचा एकच प्रश्न असे, "लेखकाने हे स्वतः केलंय का?" नकाशात उत्तर दिशा दाखवलेली नसली की लेखक रिक्षाने फिरलाय असं त्या जाहीर करत. एकदा विंचूरच्या आबांनी कांदा साठवणीवरचं एक जाडजूड पुस्तक कट्ट्यावर आणलं. आबा कांद्याचे शेतकरी. ते म्हणाले, "बाई, ह्या लेखकाच्या चाळीत कांदा लय सुखात हाय. आमच्यात पंधरा दिवसांत नासला." दुसरं कोणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. बाई पुढच्या गुरुवारी पुस्तक घेऊन विंचूरला हजर झाल्या. आबांच्या कांदाचाळीत शिरून त्यांनी पदराने नाक झाकलं, पुस्तकातली आकृती आणि समोरचे बांबू ताडून पाहिले. रविवारी निकाल लागला. "आबा, पुस्तक बरोबर आहे. तुम्ही चाळ वाऱ्याला आडवी बांधायच्या ऐवजी उभी बांधलीत." आबा पुढे कैक महिने सांगत फिरत होते की बाईंनी पुस्तकाला सोडलं आणि मला पकडलं.

पोहण्याच्या पुस्तकाचा किस्सा काका स्वतः सांगायचे. पाळी संपवून ते सकाळी घरी आले, तर बाई स्वयंपाकघरात स्टुलावर पालथ्या पडून हातपाय हलवत होत्या. समोर पाटावर पुस्तक उघडं.

"काय चाललंय?" काकांनी विचारलं.

"प्रकरण तिसरं," बाई म्हणाल्या. "चहा तुम्हीच ठेवा, मी आत्ता मध्यावर आहे."

महिनाभर स्टुलावर पोहून बाई नगरपालिकेच्या तलावावर गेल्या आणि दोन मिनिटांत दम लागून बाहेर आल्या. कट्ट्यावर त्यांनी प्रामाणिकपणे मत दिलं, "पुस्तकात दोष नाही. पाणी फार ओलं आहे."

मेन रोडवरच्या एका प्रकाशकाला बाईंचा सगळ्यात जास्त ताप. त्यांच्या दर प्रवास-पुस्तकातल्या चुका बाई दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, पानवार सांगायच्या. एक दिवस त्या बिचाऱ्यांनी हात जोडले. "बाई, तुम्हीच लिहा एखादं. मी छापतो. पण मला सोडा." बाई दुकानाच्या पायऱ्या उतरल्या त्या लेखिका होऊनच. नाशिकहून एसटीने एका दिवसात करता येतील अशा सहलींचं पुस्तक. नाव ठरलं 'सकाळी निघा, संध्याकाळी परत'.

पुढची दीड-दोन वर्षं माझ्या सुट्ट्या बाईंच्या मालकीच्या झाल्या. सीबीएस बसस्थानकावरून सकाळची गाडी पकडायची आणि कुठेतरी उतरायचं. बाईंच्या पिशवीत होकायंत्र, पट्टी आणि दशम्यांचा डबा. गाडी सुरू होण्याआधीच त्या कंडक्टरला विचारायच्या, "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" एक कंडक्टर वैतागून म्हणाला, "मावशी, जाऊ तर द्या आधी." चढ किती, पायऱ्या किती, मंदिर बंद कधी, सावली कोणत्या बाजूला, सगळं टिपलं जायचं. पेठकडच्या एका पठारावर तर आम्ही दोनदा गेलो, कारण पहिल्या खेपेला धुकं होतं आणि धुक्यातलं मत बाई देत नसत. दोन्ही वेळा एका मोहाच्या झाडाखाली बसून आम्ही डबा खाल्ला, चुळा भरल्या आणि परत आलो.

पुस्तक निघालं. कट्ट्याने अर्थातच त्यावर मत द्यायचं होतं. बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "बोला." कोणाची बिशाद! शेवटी आबा म्हणाले, "बाई, छान हाय." बाईंनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं काय शिकवलं मी तुम्हाला?" वरून रागावल्या, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना भेळ खाऊ घातली. प्रती भराभर खपत होत्या.

त्या पावसाळ्यात, एका रविवारी, माडीवर एक तरुण शिक्षिका आली. हातात बाईंचं पुस्तक, भिजून फुगलेलं. "याच्या लेखिका कोण?" तिने विचारलं. बाई कौतुक ऐकायच्या तयारीने उठल्या. ती म्हणाली, "मी आठवीच्या मुलींना घेऊन पेठच्या पठारावर गेले होते. तुम्ही लिहिलंय, परतीची गाडी साडेपाचला फाट्यावर मिळते. गाडी आलीच नाही. पावसात घाटापुढे ती येतच नाही म्हणे. अंधार पडायला लागला. मुली रडायला लागल्या. शेवटी पाड्यावरच्या एक मावशी आल्या आणि सगळ्यांना घरी घेऊन गेल्या. सकाळी जीप मिळाली. इकडे सगळे पालक शाळेत येऊन बसलेले. आता मला काढून टाकतील."

 बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"मुली बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

बाई खाली बसल्या. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "आपण डिसेंबरात गेलो होतो गं. दोन्ही वेळा. मी पावसाळ्याचं विचारलंच नाही." हे त्या माझ्याशी बोलत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बाई त्या मुलीबरोबर तिच्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका आणि चार-पाच तावातावाने बोलणारे पालक यांच्यासमोर त्यांनी पुस्तक उघडून ठेवलं. "चूक हिची नाही. चूक इथे आहे, आणि ती माझी आहे. हिने छापील शब्दावर विश्वास ठेवला. आपणच मुलांना तसं करायला सांगतो. रागवायचं तर मला रागवा." एक पालक रागावलेही, चांगली दहा मिनिटं. बाई हात जोडून ऐकत राहिल्या. शिक्षिकेची नोकरी राहिली.

मग बाई मला घेऊन पाड्यावर गेल्या. गाडी घाटाखालीच थांबली, पुढे आम्ही चिखल तुडवत चाललो. ज्यांनी मुलींना आसरा दिला त्या जानकामावशी दारातच नागली पाखडत होत्या. बाईंनी आभार मानले, माफी मागितली, आणि त्यांचा स्वभाव असा की पुस्तकातला तो परिच्छेदही वाचून दाखवला. त्यात पुढे एक वाक्य होतं, "येथे खाण्यापिण्याची कोणतीही सोय नाही."

"म्हंजी?" जानकामावशींनी सूप थांबवलं.

"म्हणजे इथे खायला काही मिळत नाही, असं."

जानकामावशी इतक्या मोठ्याने हसल्या की आतून त्यांची सून बघायला आली. "दुकान नाय म्हून खायाला नाय? मंग त्या पोरींनी काय माती खाल्ली?" मग त्यांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुमीच का त्या? मोहाखाली बसून डबा खाऊन गेल्या दोघी. दोन डाव. मी म्हनलं, येतील, पानी तरी मागतील. तुमी नुसती लिवतच व्हत्या."

बाईंचे कान लाल झाले. एवढी माणसं पुस्तकं घेऊन बाईंसमोर यायची, पण बाईंच्या पुस्तकाबद्दलचं पहिलं खरं मत त्यांना त्या ओट्यावर मिळालं. बाईंनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "पाणी देता का?" त्या दिवशी आम्ही तिथे जेवलो. भात, उडदाचं वरण आणि नागलीची भाकरी. बाई प्रश्न विचारत होत्या, पण या खेपेला पट्टी बाहेर काढली नाही.

नाशिकला परतल्यावर त्यांनी स्वतःच्या पुस्तकाचं शुद्धिपत्र छापून घेतलं. पावसाळ्यात गाडी घाटाखाली थांबते. पठाराजवळ पाडा आहे, आधी तिथे जाऊन बोलावे, पाणी मागावे. प्रकाशकाच्या गोदामात आम्ही दुपारभर उरलेल्या प्रतींमध्ये ते चिकटवत होतो. काका स्टोव्हवर खळ शिजवायला बसले होते आणि दर दहा मिनिटांनी विचारत होते, "हे कोणत्या पुस्तकात बघून करतोय आपण?" प्रश्न होता विकल्या गेलेल्या प्रतींचा. त्यासाठी बाई दर रविवारी पहाटे सीबीएसवर पेठच्या फलाटाशी उभ्या राहायच्या. कोणाच्या हातात पुस्तक दिसलं की शुद्धिपत्र घेऊन धावायच्या. एक गृहस्थ दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "नको मावशी, आमचा गुरू आहे." बाई म्हणाल्या, "असू दे, पण त्याला एसटीचं वेळापत्रक माहीत आहे का?"

त्यानंतर कट्ट्यावर बाई बदलल्या असं म्हणवत नाही. लेखकांना त्या सोलायच्याच. फक्त कोणी एखाद्या पुस्तकाला फारच झोडपायला लागला की म्हणायच्या, "त्याला पत्र टाक आधी. त्याला माहीतच नसेल." पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा प्रत्येक ठिकाणी त्या तिन्ही ऋतूंत जाऊन आल्या होत्या. पाड्यावर तर भातकापणीच्या दिवसांत त्या दरवर्षी जायला लागल्या. जानकामावशी पेठच्या बाजाराहून कधी नाशिकला आल्याच, तर बाईंकडे उतरायच्या. दोघी ओट्यावर बसून शहरातल्या तांदळाला नावं ठेवायच्या.

पुढे काही वर्षांनी बाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यात पेशंटसाठी एक माहितीपुस्तिका ठेवलेली असे. बाईंनी ती मागून वाचायला घेतली आणि सकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांना म्हणाल्या, "या आकृतीत डावं-उजवं उलट छापलंय. तुम्ही बघून ऑपरेशन करणार नाही ना?" तरुण डॉक्टर हसता हसता खुर्चीवर बसले. त्यांनी समजावलं की आकृती समोरून काढलेली असते, म्हणून तशी दिसते. बाईंनी विचार केला. "मग तसं खाली लिहा. घाबरलेल्या माणसाला एवढं सुचत नाही." ऑपरेशन नीट झालं, पण नंतर ताप आला आणि उतरला नाही. बाई गेल्या.

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं.  काका ताटावर बसायचे आणि न जेवता उठायचे. मुलगी पुण्याहून आली होती, ती रडून थकली होती. तेरावं झाल्यावर काका मला म्हणाले, "पाड्यावर कोणी कळवलं नसेल. त्यांच्याकडे फोन नाही. चल."

भात पिवळा झाला होता. आम्हाला लांबून येताना बघून जानकामावशी ओट्यावरून उतरल्या, काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या मागच्या वाटेकडे पाहत राहिल्या. वाटेवर कोणीच नव्हतं.  त्यांनी काकांना खाट दिली, पाण्याचा तांब्या दिला आणि आत गेल्या. थोड्या वेळाने चूल पेटल्याचा धूर दारातून बाहेर आला.

"जेवून जायाचं," त्या आतून म्हणाल्या.

"भूक नाही हो," काका म्हणाले.

"भूक हाय का, त्ये मी इचारलं नाय."

काका आत जाऊन पाटावर बसले. पहिला घास घेतला, थांबले, बाहीने डोळे पुसले आणि जेवायला लागले. जानकामावशी समोरच बसून होत्या. भाकरी संपत आली की न विचारता दुसरी वाढत होत्या.