हळदीकुंकवाचा शॉट

कुसुमताई गेल्याचं मला दूधवाल्याने सांगितलं. चार दिवस लेकीकडे राहून मी आदल्या संध्याकाळीच परतले होते. "समोरच्या बाईंचं दूध आता बंद ना?" तो म्हणाला, आणि मी पातेलं हातात धरून दारातच उभी राहिले...

गिरगावातल्या आमच्या चाळीत त्यांचं बिऱ्हाड माझ्या समोरच. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या सिनेमात काम करत. जिना उतरू लागल्या की अख्खी चाळ कठड्याला लोंबकळायची. नखरा मात्र कणभर नाही! "अगं, तिथे दिवसभर नुसतं बसायचं असतं, तू ये सोबतीला," म्हणायच्या. मग मीही डबा घेऊन परळच्या स्टुडिओत जायची.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. त्यांचे यजमान मोर्च्यातले नव्हेत. दुकानाच्या फळ्या लावायला गेले आणि गोळीला सापडले. चित्रपट अर्धा झालेला, ताई त्यात घरची थोरली सून. कंपनी थोडी थांबली, मग बोलावणं आलं. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "खोटं का होईना, कुंकू लावशील?" ताई म्हणाल्या, "आई, मला दुसरं येतं काय?"

नेमका चैत्रातल्या हळदीकुंकवाचा शॉट. त्या दिवशीही मी सोबत होते. मेकअपवाल्याचा हात त्यांच्या कपाळाशी थबकला, तेव्हा त्यांनी आपणच कुंकू टेकवलं. कॅमेरा सुरू झाला. ताई ओळीतल्या बायकांना कुंकू लावायला वाकल्या. बायका गर्दीच्या कामाला आलेल्या, लालबागच्या. सगळ्यांना सगळं ठाऊक. पहिली मागे सरली. दुसरीने पदर पुढे ओढला. "अहो, खोटं आहे हे!" दिग्दर्शक खेकसला. तशी एकजण रडवेली होऊन म्हणाली, "रागावू नका हो बाई. माझा माणूस पण रोज मोर्च्याला जातो."

मला तिचा रागही येईना, ताईंकडे बघवेनाही. "तिचं बरोबर आहे," एवढंच म्हणून ताई सेटवरून निघाल्या. पुढे बोलावणी आली, त्या गेल्या नाहीत. लोकांचे ब्लाउज शिवत राहिल्या. चाळीत हळदीकुंकू असलं की दार लोटून बसायच्या. मी म्हणायची, "ताई, मला लावा की!" तर म्हणत, "नको गं. तुझा माणूस सुखरूप राहू दे."

माझे हे गेले, त्यानंतरच्या चैत्रात ताईंनी दार वाजवलं. "आता तुझं काय बिघडणार आहे?" म्हणाल्या आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग मी त्यांना. दोघी खूप रडलो, मग खूप हसलो. तेव्हापासून दर चैत्रात दार लावून आमचं दोघींचं हळदीकुंकू व्हायचं.

यंदाही मी सगळं मांडलं. सवयीने बोट कुंकवात बुडवलं... आणि समोर कपाळच नाही हो!