टोख्टरचं कूळ

जर्मनच्या वर्गात जर्मन किती शिकलो ते विचारू नका यार, किस्से मात्र पोतंभर जमलेत! पहाडगंजच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी दांडेकर सरांचा वर्ग भरतो. सर मिनिस्ट्रीतून रिटायर झालेले. वर्गात लातूरची रेहाना, नर्स. परीक्षा पास झाली की तिची जर्मनीतली नोकरी पक्की, पुढे लेकीलाही तिकडे नेता येणार. बाकी आम्ही सगळे टाइमपास.

*

सरांनी पहिलाच शब्द दिला टोख्टर, म्हणजे मुलगी. "मूळ आपलंच, संस्कृत दुहिता! गाईची धार काढते ती दुहिता." हा शब्द वाक्यात कसा वापरायचा, हे रेहानानं विचारेपर्यंत चहा आला. पुढचा रविवारही गोठ्यातच गेला.

*

यूपीएससी करणाऱ्या विकासनं मोबाइलवर शोधलं. "सर, दोन्ही शब्द एकाच जुन्या भाषेतून आलेत. म्हणजे बहिणी."

"असतील. पण थोरली कोण?"

*

चहा करणाऱ्या काकू म्हणजे सरांच्या मिसेस. त्या एकदा वैतागल्या. "आमच्या माहेरी धारा भाऊच काढायचे. त्यांना काय म्हणू मग?"

सर म्हणाले, "चहात साखर कमी आहे!"

*

गणपतीत मंडळात एक जर्मन पाहुणा आला. सरांनी त्याला प्रसादाच्या रांगेतच गाठलं आणि टोख्टर मुळात आमची, असं सुनावलं. पाहुण्याला हिंदी छान यायची. "अच्छा! और आप लोग घर में बेटी को क्या कहते हैं?"

"मुलगी."

"ये कहाँ से आया?"

"वो देखना पड़ेगा."

अजून बघतायत!

*

मग रेहानाची परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? रेहाना टोख्टर म्हणाली आणि तिथंच अडली. पुढचं वाक्य कुणी शिकवलंच नव्हतं. मग बिचारीनं जे येत होतं ते सांगितलं. अर्धं इंग्लिश, अर्धे हातवारे, संस्कृत, गाय, धार, सगळं. नापास झाली. नोकरी दुसरीला गेली.

रविवारी ती वर्गात आली तेव्हा मला सरांचा भयंकर राग आला होता. ती उभी राहून म्हणाली, "माझी मुलगी सहा वर्षांची आहे, एवढंच म्हणायचं होतं सर."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. कुणी चहा घेतला नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पण व्युत्पत्ती बरोबर सांगितलीस ना?"