बाबांनी परत आणलेली पिल्लं

बाबा कुत्रीला 'अवं' म्हणून हाक मारत आणि मायलाही 'अवं' म्हणूनच. अंगणातून हाक आली की माय चुलीपासून विचारायची, "मले बलावलं का तिले?" बाबा म्हणायचे, "जिले काम नसंल तिनं यावं." मग अर्थातच कुत्री जायची. मायला याचा राग यायचा की गंमत वाटायची, हे मला लहानपणी कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूपासून जवळच्या खेड्यात आमची भाजीची वाडी होती. वांगी, टमाटे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. तेव्हा आमचा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता आणि रानडुकरांना कुंपणाची भीती अशी नव्हतीच. एका रात्रीत वांग्यांचा वाफा उकरून टाकत. म्हणून कुत्रं पाळणं ही हौस नव्हती, गरज होती. पण बाबांनी त्या गरजेची हौस करून टाकली होती. आता शहरात माझी नातवंडं कुत्र्याला स्वेटर घालतात आणि त्याचा वाढदिवस करतात. त्यांना वाटतं, कुत्र्यांवर माया करायला आपणच शिकलो.

बाबांच्या कुत्रीला सकाळी ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकर मिळायची, आणि ती थंड. गरम खाल्लं की कुत्र्याचं नाक जातं, असं ते म्हणत. दर आठवड्याला तिला उताणी पाडून गोचीड काढायचे. ती व्याली की गुळातल्या कण्या शिजायच्या आणि तिच्याजवळ पाहुण्यांना जायची बंदी व्हायची. ती माजावर आली की बाबा तिला बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसवून थेट आर्वीकडच्या गवळ्यांच्या वस्तीवर घेऊन जायचे, कारण तिथे ढोरं राखणारा एक दांडगा कुत्रा होता. "चालले सोयरीक जुळवाले," माय म्हणायची, "पोरीसाठी बी येवढे फिरजा मंग." पोरगी म्हणजे मी. तेव्हा मी जेमतेम दहा-अकरा वर्षांची असेन.

पिल्लं झाली की पंचक्रोशीतून माणसं यायची. बाबा एकेक पिल्लू उचलून त्याचा जबडा अंगठ्यानं उघडायचे आणि टाळू बघायचे. काळ्या टाळूचं पिल्लू राखणीला पक्कं, अशी त्यांची ठाम समजूत होती. मोठ्या कुत्र्यांचीही तोंडं ते अशीच उघडत, आपल्याच घरचा डबा उघडावा तशी, आणि कुठलंच कुत्रं त्यांना चावत नसे. पिल्लू विकायचं मात्र नाही. नेणाऱ्यानं कुत्रीसाठी पायलीभर ज्वारी आणि गुळाचा खडा आणायचा, तो तिच्यापुढे ठेवायचा, आणि मग पिल्लू न्यायचं. तिच्या लेकरांच्या बदल्यात तिलाच काहीतरी मिळायला हवं, असा तो रिवाज. पुढे बाबा बाजाराला जाता-येता त्या घरी डोकावत, पिल्लू नीट वाढतंय का बघत. माय म्हणायची की यांना गावोगाव लेकी दिल्यासारखं वाटतं.

त्या वर्षीची पिल्लं नुकतीच देऊन झाली होती. संक्रांत होऊन गेली असेल. एक दिवस कुत्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा खालचा जबडा लोंबायला लागला आणि तोंडातून लाळेची तार सुटली. ती पाण्याच्या भांड्यापाशी जायची, तोंड घालायची आणि पाणी तसंच बाहेर सांडायचं. भुंकायला गेली तर आवाज भलताच घोगरा यायचा. बाबांनी तिला जवळ घेतलं, बघितलं, आणि निदान केलं, "हाडूक अडकलं घशात."

सगळ्यांना ते पटलं. आदल्या बाजाराला बाबांनीच तिच्यासाठी हाडं आणली होती. त्यांनी तिला मांडीशी धरलं आणि उजवा हात थेट तिच्या घशापर्यंत घातला. पार मनगटापर्यंत. चाचपून चाचपून बघितलं. तिनं विरोध केला नाही, फक्त ढिल्या जबड्याचे दात त्यांच्या बोटांच्या पेरांवर घासले गेले. हाड काही सापडलं नाही. "खाली उतरलं असंल," म्हणाले, आणि तिच्या घशात तूप सोडलं. हात धोतराला पुसला. मायनं मला मात्र ओट्यावरून खाली उतरू दिलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग कुत्रीचे मागचे पाय गेले, आणि बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून ती मेली. वाडीच्या बांधाला त्यांनी तिला पुरलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

काही दिवसांनी सेलूहून ढोरांचे डॉक्टर आमच्या आजारी बैलाला बघायला आले. बैल बघून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं की कुत्री कुठे दिसत नाही. बाबांनी सगळं सांगितलं. जबडा, लाळ, हाड, तूप. सांगताना त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण जाणकाराची ऐटही होती. डॉक्टरांनी हातातला चहा खाली ठेवला.

"तोंडात हात घातला होता तुम्ही?"

"घातला तं. मंग हाडूक कसं काढावं?"

डॉक्टरांनी त्यांचा हात उजेडात धरून बघितला. पेरांवर ओरखड्यांच्या वाळलेल्या खपल्या होत्या. ते म्हणाले, "हाड नव्हतं ते. कुत्री पिसाळलेली होती. उद्या सकाळी वर्ध्याच्या दवाखान्यात जा आणि पोटातली इंजेक्शनं सुरू करा. लक्षणं दिसली की मग काहीच उपाय नाही."

बाबा हसले. खरंच हसले. "डॉक्टरसाहेब, पिसायलेलं कुत्रं पयते, भुकते, दिसंल त्याले चावते. मी काय आज पाह्यलं का? हे तं माह्या मांडीवर मेली."

"सगळी धावत नाहीत. काही अशीच मुकाट बसतात. घरच्या माणसांना तेच वाटतं, हाड अडकलं म्हणून." मग त्यांनी विचारलं, "पिल्लं कुठे आहेत?"

बाबांनी बोटांवर घरं मोजली. डॉक्टर म्हणाले की पिल्लांना आजार झाला असेल किंवा नसेलही, आज बघून कोणीच सांगू शकणार नाही. एकतर कित्येक महिने ती वेगळी बांधून ठेवायची, कोणी हात लावायचा नाही, नाहीतर मारून टाकायची. लहान लेकरांच्या घरात पिल्लू बांधून कोण ठेवतं? एवढं बोलून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा वाडीत पाणी फिरवायला गेले. तिसऱ्या दिवशीही. मला आधी वाटलं, ते सुईला घाबरले. मग कळलं, भीती वेगळीच होती. वर्ध्याला गेलं की पंचक्रोशीत समजणार, आणि मग ज्या ज्या घरी पिल्लू दिलं तिथे तिथे जाऊन सांगावं लागणार. इंजेक्शन घेतलं नाही, तर कुत्री पिसाळलेली नव्हती. इतका साधा हिशेब होता त्यांचा. स्वतःचा जीव पणाला लावून ते त्या पिल्लांना वाचवत होते, आणि पिल्लांसोबत स्वतःचं नावही. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. रात्री झोपेतून ते पाणी प्यायला उठले की मी कान देऊन ऐकायची, घोट उतरतो की नाही. शेजारची एक म्हातारी येऊन सांगून गेली की सात विहिरींत डोकावून या म्हणजे विष उतरतं. बाबा तिच्यावर खेकसले.

शेवटी मायनं भाकरी बांधल्या, स्वतः बैल जुंपले, मला बंडीत बसवलं आणि बांधावर जाऊन उभी राहिली.

"चाला जी."

"कुठी?"

"वर्ध्याले. का तुमचं कुत्र्याचं ग्यान माह्या कुंकवाहून मोठं हाय?"

बाबांनी फावडं टाकलं नाही, हळूच खाली ठेवलं. पाय धुतले आणि बंडीत येऊन बसले.

वर्ध्याला मायच्या चुलतभावाकडे आम्ही राहिलो. रोज सकाळी दवाखान्यात रांग, रोज एक सुई. बाबांच्या पोटावर गाठी उठल्या. त्यांना सदरा सहन होईना, कुशीवर वळता येईना. परतताना बंडीत त्यांनी एवढंच विचारलं, "घरी ज्वारी किती हाय?"

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. ज्या घरांतून पायलीभर ज्वारी आणि गूळ आला होता, त्या प्रत्येक घरी ते पायलीभर ज्वारी आणि गूळ घेऊन गेले. दारात उभे राहिले, कुत्री कशानं मेली ते सांगितलं, ज्वारी ठेवली आणि पिल्लू मागितलं. एका घरानं तर ऐकताक्षणी पिल्लू दोरीसकट अंगणाबाहेर काढलं. दुसऱ्या घरी पिल्लानं लेकराचा ओठ खेळता खेळता ओरबाडला होता. तिथली बाई बाबांना जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. त्या लेकराला वर्ध्याला नेऊन सुया टोचाव्या लागल्या आणि बाबा रोज त्यांच्यासोबत जाऊन दवाखान्याच्या दाराशी बसत. लेकराचं रडणं बाहेर ऐकू यायचं, असं माय सांगायची.

पिल्लं आमच्या घरी आलीच नाहीत. ढोरांच्या डॉक्टरांनी त्यांना संपवायचं औषध दिलं होतं. बाबा प्रत्येक पिल्लाला नाल्याकडे नेत आणि एकटेच परत येत. त्यांच्या अंगाशी झोपलेली, त्यांच्याच ओळखीची पिल्लं ती. त्यांना बघून शेपटी हलवतच गेली असतील.

एकच पिल्लू मिळालं नाही. ते हिंगणघाटच्या वाटेवर अल्लीपूरकडच्या एका म्हाताऱ्यानं नेलं होतं. बाबा इतक्या लांब गेले, तर म्हातारा म्हणाला, "ते कवाचंच गेलं जी. लांडग्यानं नेलं." बाबांनी ज्वारी-गूळ तरीही त्याच्या ओट्यावर ठेवला. घरी येऊन मायला म्हणाले, "एक तं माह्या हातून सुटलं." बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा जरा सैल दिसला.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. बाबा ठणठणीत होते. वर्ध्याच्या बाजाराला आम्ही वांगी घेऊन गेलो होतो. ढोरांच्या बाजूला एका बंडीखाली बांधलेला कुत्रा बघून बाबा चालता चालता थांबले. छाती रुंद, मान उचललेली, डोळे स्वच्छ. आर्वीच्या त्या गवळ्यांच्या कुत्र्याची जणू छापच. बंडीवरून तोच अल्लीपूरकडचा म्हातारा खाली उतरला. त्यानं बाबांना ओळखलं आणि आधी कुत्रा आणि बाबा यांच्या मधे येऊन उभा राहिला.

बाबा म्हणाले, "लांडग्यानं नेलतं ना याले?"

म्हाताऱ्यानं नजर चुकवली नाही. "तुमी न्याले आलते. म्हनून सांगतलं. घरात आमी दोघंच बुढा-बुढी, लेकरू नाई, बाळ नाई. सहा महिने बांधून ठेवलं, लांबून भाकर टाकली."

कुत्रा बाबांकडे बघत होता. ओळखीनं नाही, नुसताच, कुठलाही कुत्रा बघतो तसा. बाबांनी हात पुढे केला नाही. "चांगला झाला," म्हणाले, आणि वळले.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "बाकीचे बी असेच झाले असते."

"आन नसते झाले तं?" माय म्हणाली. "त्या लेकराचं काय?"

बाबांनी बैल हाकले. मायचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पण बाबांचंही खोटं नव्हतं, आणि पिल्लं मारल्याचं ओझं ज्याच्या पाठीवर पडलं होतं त्याला मायचं म्हणणं बरोबर असल्याचा काही उपयोग नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या गावचा एक जण धोतराच्या सोग्यात पिल्लू गुंडाळून आला. बाबांपुढे धरून म्हणाला, "पाहा जी, टाळू काळी हाय का?" पिल्लू जिवंत, गरम, हात चाटायला धडपडणारं. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"दुसऱ्या कोनाले दाखव," ते म्हणाले. "मले नाई समजत त्यातलं."