एन्तेलाची तिसरी तोंडी परीक्षा

एन्तेला लाझाय अल्बेनियातल्या पेर्मेतहून इटलीतल्या बारीला पशुवैद्यक शिकायला आली, तेव्हा तिला बाकी हजार गोष्टींची धास्ती होती, भाषेची मात्र नव्हती. तिकडची तिच्या वयाची कितीतरी मुलं इटालियन टीव्हीसमोरच लहानाची मोठी झालेली. मालिका, जाहिराती, नवराबायकोची भांडणं, सगळं तिला तोंडपाठ. पण टीव्हीवर कधी कुणी घोड्याच्या हाडांबद्दल बोललं नव्हतं.

जानेवारीत शरीररचनेची तोंडी परीक्षा झाली. मागे बाकांवर तीसेक मुलं ऐकत बसलेली, समोर प्राध्यापक आणि टेबलावर एक हाड. हाड कुठलं ते एन्तेलानं बघताक्षणी ओळखलं. नाव काही ओठांवर येईना.

"ते... खालचं," ती म्हणाली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"जूनमध्ये या," प्राध्यापक म्हणाले.

संध्याकाळी आईचा फोन आला. "झाली का गं परीक्षा?"

"झाली."

"पास ना?"

"हो, आई." जीभ आपसूक वळली. तिकडे पेर्मेतमध्ये आईनं अक्रोडाच्या मुरांब्याची मोठी बरणी उघडली आणि मुरांबा गल्लीभर वाटला. वडिलांनी कॉफीच्या दुकानात सगळ्यांना राकी, म्हणजे तिकडची कडक दारू, पाजली.

जूनमध्ये एन्तेला पुस्तकच्या पुस्तक घोकून गेली. पहिल्याच प्रश्नावर तिनं दोन पानं धाडधाड म्हणून दाखवली. प्राध्यापकांनी हात वर केला. "पुस्तक मीच लिहिलंय. मला पाठ आहे. आता तुमच्या शब्दांत सांगा."

तिच्याकडे स्वतःचे शब्दच नव्हते. पुन्हा नापास.

तीन दिवस ती खोलीबाहेर पडली नाही. अल्बेनियातल्या दुर्रेस बंदराला जाणाऱ्या बोटीत बसावं आणि सरळ घर गाठावं, असं तिच्या मनानं घेतलं. पण घरी तर ती कधीच पास झालेली! शेवटी तिनं फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"सगळ्या गल्लीनं मुरांबा खाल्लाय," आई म्हणाली. "तो काही मी परत मागायला जाणार नाही. तू पास हो, म्हणजे झालं."

एन्तेला रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी वही घेऊन खाली उतरली.

खाली दारातच घरमालकीण अदोलोराता पास्ता वळत बसायची. तिला सगळी गल्ली त्सिया, म्हणजे मावशी म्हणायची.

"त्सिया, तुमचं काम चालू असताना मी माझा अभ्यास सांगितला तर चालेल?"

"बोल की! पीठ माझ्या हाताला लागलंय, कानाला नाही."

"तर घोडा एका बोटावर उभा राहतो..."

"चल! एवढं धूड एका बोटावर?" शेजारीण फिलोमेना फिस्कारली. "दाखव बरं."

एन्तेलानं पाटावर मधलं बोट रोवून दाखवलं. मग वही उघडून वाचू लागली, तर त्सियानं तिला तिथंच अडवलं. "पुस्तकातलं नको. ते कळलं असतं तर आम्ही इथे पीठ मळत बसलो असतो का?"

एन्तेलानं वही मिटली. सबंध उन्हाळा ती रोज दुपारी त्या दोघींना एकेक अवयव समजावत राहिली. त्यांना पटेपर्यंत सोडायचं नाही, असं तिनं स्वतःलाच बजावलं होतं.

सप्टेंबरात तिला गाईच्या जठराचा प्रश्न आला. बोलण्याच्या भरात तिनं वजडीला गल्लीतला शब्द वापरला आणि सगळा वर्ग खदखदून हसला. तिचे कान तापले, पण ती थांबली नाही.

"हा शब्द माझ्या पुस्तकात नाही," प्राध्यापक हसू दाबत म्हणाले. "चालू द्या."

तीसपैकी चोवीस मिळाले. गुण कमी वाटले तर ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसता यायचं. "नको म्हण," मैत्रीण ओर्नेला कुजबुजली. "पुन्हा दिलीस तर सत्तावीस मिळतील."

"वेड लागलंय का तुला? कुठे सही करू?"

पण शिष्यवृत्तीसाठी ऑगस्टच्या आत पास व्हायला हवं होतं. शिष्यवृत्ती हातची गेली. एन्तेला एका खानावळीत भांडी घासायला लागली. फेब्रुवारीत दुसऱ्याच विषयात पुन्हा आपटली. त्याच दुपारी तिनं स्वतःहून घरी फोन केला.

"आई, नापास."

"बरं. पुढची तारीख कधी?"

"एप्रिल."

"जेवलीस का?"

पाच वर्षांचा अभ्यास तिला सात वर्षं पुरला. आता ती पेर्मेतच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांवर मेंढ्या तपासत हिंडते.