पोथ्यांच्या फळीवरचे दोन डबे

१८ नोव्हेंबर १९८४, रविवार. रक्कम तीनशे रुपये. हजर तिघे : आई, बापू आणि मी. माझ्या जुन्या वहीत एवढंच लिहिलेलं आहे. घरातून तीनशे रुपये काढायचे तर ते कशासाठी आणि कोणासमोर ठरले, हे लिहून ठेवायची मला सवय आहे. शेजारचा बापू, माझा शाळेपासूनचा मित्र, या सवयीची चेष्टा करायचा. त्या दिवशीही वहीत डोकावून म्हणाला होता, "नाना, मांजराचं पण नाव घाल. ते पण होतं हजर."

बापू जाऊन आज सहा आठवडे झाले. त्याच्या आदल्या रविवारी मी त्याला भेटलो होतो. त्याच्या आणि माझ्या घरांमध्ये एक चिऱ्याचा गडगा आणि चार पोफळी, एवढंच अंतर. हृदय थकलंय, डोकं उंचावर ठेवून निजवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याची बायको, आमच्या वहिनी, त्याच्या उशीखाली चादरींच्या घड्या सारत होत्या, कारण उशी अगदीच चपटी होती. आजाऱ्याला हसवावं म्हणून मी म्हणालो, "बापू, ही उशी आहे की पोह्याचा पापड?" तो हसला, मग खोकला, मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या डोक्यात वजन काय आहे... मला पुरते."  वहिनींनी आणखी एक घडी सारली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. बुधवारी सकाळी मी दाढी करत असताना वहिनींचा भाऊ गडग्यापलीकडून हाक मारत आला, आणि त्याच्या हाकेवरूनच मला कळलं.

बापू एसटीच्या डेपोत विजेचं काम करायचा. गाड्यांच्या बॅटऱ्या, दिवे, हॉर्न. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मी कचेरीत हिशेबाला लागलो, तो डेपोत. घरी आल्यावर मात्र त्याच्यासमोर कोणाचा तरी रेडिओ उघडलेला असायचा. पैसे घेऊन दुरुस्ती त्याने कधी केली नाही. "डेपो पगार देतो, रेडिओ करमणूक देतो," असं त्याचं साधं गणित होतं आणि ते मला कधी पटलं नाही.

त्या तीनशे रुपयांचं कारण माझा धाकटा भाऊ सुधा. तो बोटीवर. एकदा गेला की दहा-अकरा महिने तोंड दिसायचं नाही. आईला वाचता येतं, पण पत्रात सुधा फक्त 'मी खुशाल' लिहायचा, म्हणून त्याने कॅसेट पाठवायला सुरुवात केली. बंदराला बोट लागली की कोणाबरोबर तरी एक कॅसेट यायची. आई टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायची. कॅसेटच्या सुरुवातीला नेहमी एकच वाक्य : "आई, मी सुधा बोलतोय." मग कुठे काय खाल्लं, कोण आजारी पडलं, समुद्र कसा होता. आम्ही तीच कॅसेट पुसून आमचं बोलणं भरायचो आणि परत पाठवायचो.

त्रेऐंशीपासून आईचे कान गेले. एकदम नव्हे, हळूहळू. टेपरेकॉर्डर ती कानाला लावायची, आवाज पूर्ण सोडायची, तरी तिला नुसती किरकिर ऐकू यायची. गल्लीला मात्र सगळं ऐकू जायचं. सुधाने कोणत्या मुलीला नकार दिला ते आमच्याआधी शेजारच्यांना कळलं होतं. कानाचं यंत्र आणून दिलं, ते तिने दोन दिवस लावलं आणि डब्यात ठेवलं. "त्यात सगळे कावळे बोलतात," म्हणाली. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत आलेली कॅसेट तिने लावलीच नाही. पोथ्यांच्या मागे सरकवून ठेवली. तिथे आधीच्या दोन होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "असू दे तिथं. ऐकली काय नि नाय ऐकली काय." ही गोष्ट मी बापूला सांगितली. तो तडक गडगा ओलांडून आला. आईसमोर उकिडवा बसून ओरडून म्हणाला, "काकी, तुला दोन डबे बनवून देतो. सुधा घरात बसून बोलतोय असं वाटेल."

"मेल्या, ओरडतोस कशाला? जवळ ये नि बोल," आई म्हणाली.

हे वाक्य आम्ही दोघांनीही तेव्हा ऐकलं आणि दोघांनीही सोडून दिलं. नीट ऐकलं असतं तर पुढचा महिना वाचला असता.

दुकानातले तयार स्पीकर बाराशेच्या खाली नव्हते. मी तीनशेची मर्यादा घातली. बापूने आठवडाभर कागदावर आकडे मांडले. चार-चार इंचांचे दोन स्पीकर, शहात्तर रुपये. ट्रान्सफॉर्मर बेचाळीस. दोन आयसी आणि बाकीचं किरकोळ सामान अडुसष्ट. वेगळा ॲम्प्लिफायर नको, उजव्या डब्याच्या पाठीतच तो बसवायचा, म्हणजे वायर भिंतीत लावली की झालं. लाकूड घरचं होतं. माळ्यावर जुन्या दाराच्या फणसाच्या फळ्या पडून होत्या. सुतार बापूने आणला तो बंदरावर होड्या दुरुस्त करणारा. त्याने डबे सुरेख केले, सांध्यात कापूस आणि राळ ठासून भरली, आणि त्यावर हात फिरवत बसला.

बापू म्हणाला, "मिस्त्री, हे पाण्यात सोडायचे नाहीत. यातून आवाज बाहेर यायचाय."

"आवाज कसा येतो ते तुम्ही बघा," मिस्त्री म्हणाला. "पाणी नाय जाणार. त्याची गॅरंटी माझी." सत्तर रुपये मजुरी त्याने मोजून घेतली.

डबे तयार झाल्यावर आम्ही ते बापूच्या पडवीत रेडिओला जोडून पाहिले. भजन लागलं होतं. पखवाजाची थाप पडली आणि खिडकीचे गज थरथरले. मला इतका आनंद झाला की मी खर्चाचा कागद खिशात ठेवला. बापू प्रत्येक डब्यावर तळहात सपाट ठेवून डोळे मिटायचा. ती त्याची पद्धत होती. "डबा बोलता कामा नये," तो म्हणायचा, "आतला माणूस बोलला पाहिजे." त्या दिवशी डबा जरा बोलत होता, असं तो म्हणाला होता. मीच म्हटलं, जाऊ दे, पखवाज बघ काय वाजतोय.

डबे आईच्या खोलीत पोथ्यांच्या फळीवर ठेवले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधे पोथ्या ताठ उभ्या राहिल्या, हा एक फायदा. आई न्हाऊन, लुगडं बदलून बसली होती. बापूने दिवाळीची कॅसेट लावली. सुधा बोलायला लागला... आणि मला स्वतःलाच तो रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटलं. आई ऐकत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. मग म्हणाली, "कोण हा?"

"काकी, सुधा! सुधा आहे!"

"हा माझा सुधा नव्हे," आई म्हणाली. रागाने नव्हे, चुकीच्या घरी आलेल्या माणसाला सांगावं तसं. आणि उठून मागीलदारी गेली.

 बापूने वायरी सोडवल्या, दोन डबे दोन बगलांत घेतले. दारात थांबून म्हणाला, "नाना, आपण पखवाजासाठी डबे बांधले. तिला माणूस हवा होता."

आठ दिवस तो आला नाही. नवव्या दिवशी आला तो डबे आणि एक कागद घेऊन. कागदावर वीस गावांची नावं होती, डेपोच्या पाटीवरून उतरवलेली. देवरूख, खेड, पाली, लांजा, अशी. ती त्याने स्वतःच्या आवाजात कॅसेटवर भरली होती, प्रत्येक नावानंतर थोडा वेळ सोडून. आईने ऐकायचं आणि ऐकलेलं गाव म्हणायचं, मी बरोबर-चूक लिहायचं. "तुझं डोकं आकड्यांत चालतं ना, मग मला आकडा दे. 'बरं वाटतं' असलं काही नको." आधी त्याने डबे जसे होते तसे वाजवले. आईला वीसपैकी सहा गावं आली. मग त्याने दोन कंडेन्सर बदलले, त्याने घुमणारा खालचा आवाज कमी होतो म्हणाला. त्याचे चार रुपये. नऊ गावं आली. मग त्याने डब्यांची पाठ उघडली आणि पिशवीतून सावरीचा कापूस काढून दोन्ही डब्यांत सैलसर भरला. तेरा.

"हा कापूस कितीचा?" मी विचारलं.

"मिळाला."

"मिळाला म्हणजे?"

"म्हणजे मिळाला. लिही शून्य."

मी लिहिलं, कापूस, शून्य.

तेरावर गाडी अडली. बापूने आवाज वाढवला तर अकरा झाली. आई वैतागली होती. "अरे ओरडू नकोस म्हटलं ना तुला तेव्हा. जवळ ये," ती डब्याकडे बघत म्हणाली. तिच्या लेखी त्यात बापूच होता. बापू माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. मग आम्ही फळीच उतरवली. आईची खाट भिंतीला होती, तिच्या उशाशी, बसल्यावर कानाच्या रेषेत येईल अशी ती पुन्हा ठोकली. डबा तिच्या उजव्या कानापासून हातभर. आवाज निम्म्यावर आणला. आई एकेक गाव म्हणू लागली, तिकीट फाडल्यासारखी. वीसपैकी अठरा. उरलेल्या दोन गावांना आपण कधी गेलोच नाही, तर ती कशी येणार, असं तिचं म्हणणं.

बापूने दिवाळीची कॅसेट लावली. "आई, मी सुधा बोलतोय. जेवलीस का?"

"जेवले रे, आत्ताच," आई डब्याला म्हणाली. "तू?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बापू फळीखाली सांडलेला कापूस वेचत होता. एवढा कापूस सांडलाही नव्हता. आईने त्या दुपारी तिन्ही कॅसेट ऐकल्या. संध्याकाळी मी वहीत बेरीज केली. किरकोळ वायर, खटके, जाळीचं कापड धरून एकूण दोनशे पंच्याण्णव रुपये पन्नास पैसे. साडेचार रुपये शिल्लक. बापूला मजुरी विचारली तर म्हणाला, "शिल्लक राहिलेत त्यातून मांजराला दूध घाल."

गावांची ती कॅसेट मी पंधरा दिवसांनी पुसली. तिच्यावर आईचं बोलणं भरून सुधाला पाठवलं. सुधाच्या तिन्ही कॅसेट आई पुसू देईना, नवी विकत घ्यायची म्हणजे वीस रुपये, आणि ही तर रिकामीच पडली होती. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. बापूचा आवाज असलेली दुसरी कॅसेट कोणाकडेही नाही, हे आता विचारत हिंडल्यावर मला कळलं.

पुढची साडेतीन वर्षं सुधाची कॅसेट आली की बापू यायचाच. डब्यावर तळहात ठेवायचा, मान हलवायचा, चहा घेऊन जायचा. गेल्या वर्षापासून आईला हातभर अंतरावरचंही नीट ऐकू येत नाही. पण कॅसेट लावली की तीही आता डब्यावर तळहात सपाट ठेवते आणि डोळे मिटते. सुधा बोलतोय की गप्प आहे, एवढं तिला त्यातून कळतं म्हणते.

बापूचे दिवस झाल्यावर वहिनींना काय हवं-नको बघायला मी गेलो होतो. गादी, चादरी, त्याचे कपडे त्यांनी देऊन टाकले होते. रिकाम्या खाटेवर ती चपटी उशी तेवढी होती. मी विचारलं, "ही राहिली वाटतं द्यायची?"

"नाही भावोजी, ठेवली," वहिनी म्हणाल्या. "निम्मी तुमच्याकडे आहे. मग राहिलेली निम्मी कशी टाकायची?"

मला कळायला वेळ लागला. त्यांना वाटत होतं, मला माहीत आहे. डब्यांच्या वेळी आठ दिवस बापू सावरीच्या कापसासाठी बाजारात, पिंजाऱ्याकडे, सगळीकडे हिंडला होता म्हणे. मोसम नव्हता, मिळाला तो सरकीचा. तो ओल धरतो, डब्यात गच्च बसतो. शेवटी एका सकाळी त्याने आपली उशी उसवली. वहिनी ओरडल्या तर म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात सावर फुटली की भरू. चार उन्हाळे गेले. आणि मी त्याला, उशी आहे की पापड, म्हणून विचारलं होतं... डोकं उंच ठेवायला सांगितलेल्या माणसाला.

मी म्हटलं, "वहिनी, ही मला द्या. भरून आणतो."

"डबे उघडू नका मात्र," त्या घाईने म्हणाल्या. "काकी ऐकतात अजून."

डबे उघडले नाहीत. नवा कापूस आणला, या उन्हाळ्यातला. जुन्यात मिसळून आईने उशी भरली आणि हाताने शिवली. ऐकू येत नसलं तरी टाका तिचा अजून सरळ येतो. काल ती मी वहिनींना नेऊन दिली. त्यांनी ती खाटेवर ठेवली आणि तिच्यावर तळहात सपाट ठेवून जराशा उभ्या राहिल्या.

वहीत त्या पानावरचं शून्य मी खोडलं आहे. सावरीचा कापूस, अर्धा किलो, सोळा रुपये, पिंजाऱ्याला रोख. शिलाई आईने घेतली नाही.